चरणजित सिंग यांनी रेकॉर्ड संपवली कशी?

गेल्या महिन्यात मी लॅपटॉपवरचं एक फोल्डर उघडून आतल्या फायली मोजल्या. फोल्डरचं नाव ‘चालू’. आत ४७ फायली निघाल्या. प्रत्येक फाइल म्हणजे एक लूप: पाच-दहा सेकंदांचे ड्रम, खाली बास, कधी वर एखादी सुरावट. लूप ऐकायला बरे आहेत. पण त्यातला एकही सुरू होऊन, कुठेतरी जाऊन, थांबत नाही. शेजारीच ‘प्रकरण ३’ नावाचं दुसरं फोल्डर आहे. त्यात किती फायली आहेत ते इथे लिहीत नाही, कारण आमचे गाइड सर हा ब्लॉग वाचतात.

माझा पीएचडीचा विषय मुंबईतल्या रेकॉर्डिंग स्टुडिओंमधली कामाची पद्धत हा आहे, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहेच. इलेक्ट्रॉनिक संगीत हा माझा छंद. माझ्याकडे तीन छोटी मशीनं आहेत आणि कंप्युटर न उघडता त्यांच्यावरच ट्रॅक पूर्ण करायचा असा हट्टही आहे. हट्ट आहे, ट्रॅक नाहीत. म्हणून या वेळी एखादा शोधनिबंध घेण्याऐवजी एक संपलेलं काम घेऊन बसलेय. ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. चरणजित सिंग, १९८२, एचएमव्ही.

सिंग हे मुंबईतले सेशन वादक. बास गिटार, गिटार, कीबोर्डच्या जातीची नाना वाद्यं ते वाजवायचे. राहुलदेव बर्मन यांच्यासह हिंदी चित्रपटांच्या बऱ्याच संगीतकारांकडे त्यांनी काम केलं. ही तबकडी मात्र त्यांनी स्वतःच्या नावावर काढली. दहा राग, प्रत्येक साधारण पाच मिनिटांचा, खाली डिस्कोचा ठेका. पहिल्या बाजूला भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती. दुसऱ्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. तबला नाही, सतार-सारंगी नाही. मुख्य काम तीन मशीनांचं, तिन्ही जपानच्या रोलंड कंपनीची: तालासाठी टीआर-८०८, बाससाठी टीबी-३०३ आणि वरच्या सुरावटीसाठी ज्युपिटर-८ हा मोठा सिंथेसायझर. रेकॉर्ड फारशी खपली नाही आणि लोक तिला विसरून गेले.

तुम्ही या रेकॉर्डबद्दल आधी काही वाचलं असेल तर ते बहुतेक पुढच्या गोष्टीबद्दल असेल. एदो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती ही तबकडी लागली, २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या त्याच्या लेबलवर ती पुन्हा निघाली आणि युरोपातले लोक चक्रावले. कारण ३०३ आणि ८०८ या जोडीतून निघणारा तो चिवट, पाझरणारा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. शिकागोतल्या ‘फ्यूचर’ या त्रिकुटाचा ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ मध्ये आला आणि त्या आवाजाला ॲसिड हाउस हे नाव मिळालं. मग मुंबईत १९८२ मध्ये हे कोण करत होतं? कुणा युरोपीय संगीतकाराने जुन्या तबकडीच्या नावाखाली केलेली ही थट्टा असावी, अशीही शंका काहींनी घेतली. शंका फिटल्यावर उलट टोक आलं: सिंग हे ॲसिड हाउसचे जनक.

संशोधनाला बसणाऱ्यांनी या टोकापाशी थोडं थांबावं. ‘पहिला कोण’ हा प्रश्न विचारायला सोपा, उत्तर चटकन मिळतं, आणि मथळा तयार होतो. पण ‘जनक’ म्हणायचं तर वंश दाखवावा लागतो. शिकागोतल्या त्या मुलांनी एचएमव्हीची ही तबकडी ऐकली होती याला काहीही पुरावा नाही. शिवाय ३०३ त्या काळात इतरांच्याही हाती होतं. स्कॉटलंडच्या ‘ऑरेंज ज्यूस’ या बँडचं ‘रिप इट अप’ हे १९८३ चं गाजलेलं गाणं ऐका, त्यात ते चक्क बासचं साधं काम करतंय. एकच मशीन तिघांनी घेतलं तर आवाज सारखा येणारच. एकाच बोअरवेलचं पाणी तीन घरांत गेलं म्हणून स्वयंपाक एक होत नाही.

आणि खरंच, दोन्ही ट्रॅक लागोपाठ ऐकले की फरक कानात शिरतो. ‘ॲसिड ट्रॅक्स’ अकरा-बारा मिनिटं चालतो. त्यात बासचा पॅटर्न जवळजवळ बदलत नाही; बदलतात ती बटणं. कटऑफ, रेझोनन्स, डिके यांवर हात फिरत राहतो आणि तो हात हेच तिथलं संगीत आहे. सिंग यांच्या रेकॉर्डवर ३०३ मागे बसतं, संगत करतं. पुढे असतो तो ज्युपिटरवरचा उजवा हात, रागाची बढत करणारा. तिथे यंत्र बिघडवून वाजवणं आहे, इथे यंत्राला साथीला बसवणं आहे. साथीदार लहऱ्याची एक ओळ धरून बसतो आणि तबलजी मोकळा सुटतो, त्याची ही सुलट-उलट आवृत्ती. शिकागोच्या फूटपट्टीने मोजलं की ही सगळी मांडणी निसटते आणि उरतं फक्त साल.

म्हणून मी या रेकॉर्डला दुसरा प्रश्न विचारते. ती पूर्ण कशी झाली?

प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण ही मशीनं ज्यांनी हाताळली आहेत त्यांना वाटणार नाही. ३०३ वर एक ओळ भरायची म्हणजे काय ते सांगते. त्यावर जेमतेम एका सप्तकाची छोटी बटणपट्टी आहे. आधी सगळे सूर एकामागून एक भरायचे, तेव्हा लय नसते. मग दुसऱ्या मोडमध्ये जाऊन लय भरायची, तेव्हा सूर दिसत नाहीत. वर प्रत्येक पायरीला सप्तक वर की खाली, ॲक्सेंट आहे की नाही, स्लाइड आहे की नाही हे वेगळं सांगायचं. एका पॅटर्नला जास्तीत जास्त १६ पायऱ्या. बास गिटारवाल्याच्या जागी बसवायला काढलेलं हे मशीन बास गिटारवाल्यांना आवडलं नाही, विकलं गेलं नाही, आणि १९८४ पर्यंत त्याचं उत्पादन थांबलं. मिडी ही वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं जोडणारी पद्धत आली १९८३ मध्ये. या रेकॉर्डच्या वेळी ती नव्हती. ८०८ मधून एक केबल ३०३ ला जायची, प्रत्येक चतुर्थांश मात्रेला २४ ठोके पाठवायची, आणि त्या ठोक्यांवर दोघं बरोबर चालायची. ज्युपिटर-८ चा आर्पेजिएटरही बाहेरून ठोका घेऊन पुढे सरकू शकतो. सिंग यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलं ते थोडक्यात असं: चित्रपटांत तेव्हा डिस्को फार चालला होता, आपण त्याच ठेक्यावर वेगळं काही करावं, तबला बंद ठेवून राग वाजवावेत असं वाटलं. घरी मशीनं जोडून वाजवून पाहिली, बरं वाटलं, मग रेकॉर्ड केलं.

‘घरी वाजवून पाहिलं, मग रेकॉर्ड केलं’ हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे सरकून गेले. आता तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. माझ्या ४७ लूपांमध्ये या दोन गोष्टी कधी वेगळ्या झालेल्याच नाहीत. मी शोधतानाच रेकॉर्ड करते आणि रेकॉर्ड करतानाच शोधते, त्यामुळे दोन्ही अर्धवट राहतात. सेशन वादकाच्या आयुष्यात ही गल्लत परवडत नाही. मुंबईच्या फिल्मी रेकॉर्डिंगची जुनी रीत अशी की अख्खा वाद्यवृंद एकत्र बसलेला, समोर अरेंजरने लिहून दिलेलं नोटेशन, तालीम वेगळी आणि टेक वेगळा. टेकमध्ये एक चुकला की सगळ्यांनी पुन्हा. शिफ्टचे तास मोजलेले. तिथे वर्षानुवर्षं काम केलेला माणूस स्टुडिओत शिरताना काय ठरवायचं बाकी आहे याची यादी फार छोटी ठेवून शिरतो.

इथे काय काय आधी ठरलं होतं ते बघा. वाद्यं ठरलेली. ठेका ठरलेला, दहाही ट्रॅकमध्ये तो फारसा हलत नाही. ट्रॅकची लांबी ठरलेली: एलपीच्या एका बाजूला साधारण पंचवीस मिनिटं नीट मावतात, पाच राग गुणिले पाच मिनिटं. (हा हिशोब माझा, पण तो इतका चपखल बसतो की योगायोग वाटत नाही.) आणि सगळ्यात मोठी गोष्ट, सूर ठरलेले. कुठल्या सुरांत खेळायचं, कुठे थांबायचं, कुठला सूर टाळायचा, वर कसं जायचं आणि खाली कसं यायचं, हे रागाने सांगून ठेवलेलं. पश्चिमी डिस्को ट्रॅक करणाऱ्याला कॉर्डांचा क्रम शोधावा लागतो, मधला भाग वेगळा करावा लागतो. इथे तो प्रश्नच उद्भवत नाही. यंत्रांकडे जे सोपवलं ते एकदा भरलं की पुन्हा हात लावायचा नाही, आणि हाताकडे जे ठेवलं ते हाताला तोंडपाठ आहे. रेकॉर्डचा शेवट बटण दाबण्याआधीच बराचसा झालेला होता.

निवड बघितली तर हे आणखी स्पष्ट होतं. दहापैकी भूपाली, कलावती, मालकंस, बैरागी हे सरळ औडव, म्हणजे पाच सुरांचे. मेघही साधारण तसाच गणतात. निम्मी तबकडी पाच सुरांची! १६ पायऱ्यांच्या बासमध्ये पाच सूर छान फिरतात, वरच्या हाताशी कुठे टक्कर होत नाही. माझ्या कानाला रेकॉर्डचा उत्तम भागही हाच. कलावती आणि मालकंस ऐकताना खालची ओळ आणि वरची ओळ एकाच घरातल्या वाटतात. मालकंसात ऋषभ-पंचम नसल्यामुळे जी मोकळी जागा असते ती ८०८ चा किक भरून काढतो, आणि रात्रीच्या रागाला हे शोभतं. भैरवही जमलाय, पण वेगळ्या कारणाने: त्याची ओळख इतकी ठसठशीत आहे की दोन-चार सुरांत राग उभा राहतो.

आता किंमत. तीही मोजली पाहिजे, नाहीतर ही समीक्षा न होता आरती होईल. भैरवाचे कोमल ऋषभ आणि कोमल धैवत आंदोलित असतात, झुलतात. ३०३ ला झुलणं माहीत नाही. त्याच्याकडे स्लाइड आहे, पण तिचा वेग ठरलेला आहे, कमी-जास्त होत नाही. मींड म्हणजे चालू किंवा बंद असं बटण. ज्युपिटरवर हाताने थोडं अधिक जमतं, पण सूर शेवटी बारा समान तुकड्यांतलेच. त्यामुळे जे राग सुरांच्या यादीवर उभे आहेत ते टिकतात आणि जे सुरांच्या लगावावर उभे आहेत त्यांची दमछाक होते. तोडीचा तो अति कोमल, खाली ओढलेला गंधार इथे नुसता कोमल गंधार होतो. ललितात दोन मध्यम शेजारी शेजारी येतात. गळ्यातून ते एकमेकांत विरघळतात, इथे दोन पायऱ्या चढल्यासारखे वाजतात. मला ललित या रेकॉर्डचा सगळ्यात कमकुवत ट्रॅक वाटतो. तो दुसराच आहे, त्यामुळे पुष्कळ लोक तिथेच रेकॉर्ड बंद करत असावेत. आणि १६ पायऱ्या म्हणजे तीनताल, असं म्हणायचा मोह आवरा. प्रत्येक मात्रेवर किक पडत असेल तर खाली कुठली? खाली नाही तर समेवर येण्यातली गंमतही अर्धी.

ठेका दहाही वेळा तसाच, हा दोष म्हणायचा का? सलग ऐकलं तर हो, सहाव्या-सातव्या रागापर्यंत मी कंटाळते. पण ठेका प्रत्येक रागाला वेगळा केला असता तर ही रेकॉर्ड दहा रागांची झाली असती का, याची मला शंका आहे. दोन रागांची झाली असती. तिसऱ्याचं ‘चालू’ असतं.

इथवर लिहून झाल्यावर मला वाटलं होतं की मुद्दा हाती आला: मर्यादा घाला, काम संपेल. हार्डवेअरवाले लोक हे फार सांगतात. कंप्युटरवर शंभर ट्रॅक असतात म्हणून अडकता, तीन मशीनं घ्या, सुटाल. मग मी ते करून पाहिलं, आणि तसं झालं नाही.

एक तर सिंग यांची मर्यादा गरिबीतून आलेली नव्हती. ज्युपिटर-८ ची तेव्हाची अमेरिकेतली छापील किंमत ५,२९५ डॉलर होती. आठ सूर एकदम वाजवणारं, ६४ आवाज साठवणारं ते वाद्य. त्यातून हवे तितके थर चढवता आले असते. थर कमी ठेवणं ही त्यांची निवड होती. दुसरं म्हणजे माझ्याकडेही तीनच मशीनं आहेत: एक ड्रम मशीन, ३०३ ची स्वस्त नक्कल, एक छोटा चार सुरांचा सिंथ. त्या तिघांत गेली दोन वर्षं मी ‘चालू’ फोल्डर भरते आहे. पॅटर्न मेमरी हाही शेवटी फ्रीजच. उद्या बघू म्हणून आत ठेवायचं.

तरी जिद्दीने एक रविवार काढला. मशीनं अर्धा तास आधी चालू करून ठेवली, कारण ॲनालॉग वाद्यं गरम होईपर्यंत सुरात राहत नाहीत. ड्रम मशीनवर चारच पॅटर्न: नुसता किक, किक आणि हायहॅट, सगळं, आणि एक तोडणारा. तीन यंत्रं छोट्या मिक्सरमध्ये, मिक्सरमधून थेट हातात मावणाऱ्या रेकॉर्डरवर. दोन चॅनेल, म्हणजे नंतर किक कमी-जास्त करायची सोय नाही. राग भूपाली घेतला, पाच सूर, सोपा. बासची १६ पायऱ्यांची ओळ भरली, ॲक्सेंट दिले, लूप सोडला आणि वर वाजवायला लागले. दहा मिनिटांत अडकले. छान चाललं होतं, पण पुढे काय करायचं ते कळेना. बटणं फिरवली. पुन्हा तेच. ४८ वी फाइल तयार होत होती.

आई स्वयंपाकघरात होती. ती लहानपणी गाणं शिकलेली, आता फक्त ऐकते. तिने पोळी उलटताना आतून विचारलं, “देशकार कशाला लावलायस संध्याकाळी?”

मी म्हटलं, “आई, भूप आहे.”

“सूर भूपाचे आहेत गं. पण तू धैवतावर जाऊन बसतेस सारखी.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भूपाली आणि देशकार यांचे सूर तेच, सा रे ग प ध. भूपाचा वादी गंधार, त्याचा खेळ सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात. देशकाराचा वादी धैवत, तो वर राहतो, सकाळचा. म्हणजे सुरांची यादी दिली म्हणजे राग दिला असं होत नाही. मी ३०३ वर ॲक्सेंट धैवतावर दिले होते, कारण तिथे आवाज चांगला करवादत होता! वर वाजवताना हात भूपात जायला बघत होता आणि खालून मशीन देशकाराकडे ओढत होतं. पुढे जायला वाट सापडत नव्हती त्याचं कारण हे होतं.

ॲक्सेंट गंधारावर आणले. धैवताच्या दोन पायऱ्या काढून षड्ज घातला, एक स्लाइड पंचमाकडून गंधाराकडे. मशीनं तीच, सूर तेच. पण आता कुठे थांबायचं ते कळायला लागलं: गंधारावर विसावता येत होतं, तिथून खाली षड्जावर येता येत होतं, आणि षड्जावर आलं की ड्रमचा तोडणारा पॅटर्न दाबायची जागा आपोआप सापडत होती. पहिला टेक फुकट गेला, किक रेकॉर्डरवर फुटत होता. लेव्हल बरीच खाली आणली. दुसऱ्या टेकमध्ये बास म्यूट केलेला राहिला आणि माझ्या लक्षात आलं तेव्हा दीड मिनिट उलटून गेलं होतं. तिसरा टेक चार मिनिटं वीस सेकंदांचा. त्यात एक चुकीचा मध्यम लागलाय, अडीच मिनिटांपाशी, स्वच्छ ऐकू येतो. तोच ठेवला. ट्रॅक फार चांगला नाही. पण तो सुरू होतो आणि थांबतो.

या अनुभवाने मी सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा ऐकली तेव्हा कान दुसरीकडे गेले. आतापर्यंत मी वरचा हात ऐकत होते. आता बासच्या ओळीत ॲक्सेंट कुठे आहेत, षड्ज किती वेळा येतो, ओळ विसावते कुठे हे ऐकायला लागले. तुम्हीही एकदा असं ऐका, शक्य तर आधी मालकंस आणि मग ललित, आणि वरच्या सुरावटीकडे मुद्दाम दुर्लक्ष करा. मालकंसात खालची ओळ एकटीच राग सांगू शकते. ललितात मला ती सांगताना ऐकू येत नाही. तिथे सगळा भार वरच्या हातावर पडतो. मशीन रागाकडून आहे की नुसतं सुरांकडून, हा फरक रेकॉर्डभर कमी-जास्त होत राहतो. ती चांगली कुठे आहे आणि निभावून नेलेली कुठे आहे हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं, असं माझं मत झालंय. ॲसिड हाउसशी या फरकाचा काही संबंध नाही, आणि जनक-वादात तो कुणालाच दिसत नाही.

न संपलेल्या कामांबद्दलही थोडं, कारण ‘संपवलं म्हणजे श्रेष्ठ’ असं मला म्हणायचं नाहीये. सिंग यांच्या आधी तेरा वर्षं, १९६९ मध्ये, अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा करून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे १९७२ पर्यंत काम केलं. त्या मूगला मेमरी नव्हती. वायरी काढल्या की आवाज गेला. टेपवर घेतलं तेवढंच उरलं. त्या टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या, पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या शोधून काढल्या, आणि निवडक ध्वनिमुद्रणं ‘द एनआयडी टेप्स’ म्हणून बाजारात आली ती २०२३ मध्ये. ऐकताना मला त्यातलं पुष्कळसं सिंग यांच्या रेकॉर्डपेक्षा धाडसी वाटलं. तिथे कुणी राग मशीनमध्ये बसवायला बघत नाहीये, मशीनला स्वतःचं काय म्हणायचंय ते विचारतंय. पण पन्नास वर्षं त्या कामाला कुणी चांगलं म्हणू शकलं नाही आणि वाईटही म्हणू शकलं नाही. सिंग यांची तबकडी खपली नाही, तरी एचएमव्हीच्या लेबलाखाली कुठल्यातरी दुकानात धूळ खात पडून राहण्याइतकी ती पूर्ण होती. संग्राहकाला धुळीतून काही उचलायचं तर तिथे काहीतरी असावं लागतं.

एनआयडीच्या टेपांवर स्वतंत्र लिहीन, त्यांना एवढ्यात गुंडाळणं बरोबर नाही. सिंग यांनी उतारवयात युरोपात जाऊन हेच राग पुन्हा रंगमंचावर वाजवले. २०१५ मध्ये मुंबईत ते गेले. त्या मैफलींची चित्रणं बघितली तर एक गोष्ट लक्षात येते: मशीनकडे ते फारसं बघतच नाहीत. नजर कीबोर्डवर, हातांवर. मशीनशी बोलून झालेलं आहे.

आणि सर, वाचत असाल तर: प्रकरण ३ चा मसुदा शुक्रवारी पाठवते. शेवटचा भाग अजून देशकारात आहे.